साहेबाचा फोन आणि आपला साक्षीदार



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे तो ऑनलाईन फसवणुकीचा. आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण कला शाखेचे. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. जे येते ते कामाच्या रेट्याने आलेले. त्यामुळे यंत्राच्या पोटात काय चालते ते सांगण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र पैसे गेलेला माणूस खिडकीवर येतो तेव्हा तो आधी काय सांगतो, काय गिळून टाकतो आणि त्याच्यासोबत आलेली माणसे त्याला काय बोलतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. आजचे बोलणे त्या बाजूने आहे असे समजावे.

या फसवणुकीला इंग्रजीत फिशिंग म्हणतात. उच्चार मासेमारीचाच, फक्त पहिले अक्षर 'एफ' न लिहिता 'पीएच' लिहितात. टेलिफोन यंत्रणेत घुसखोरी करणाऱ्या जुन्या मंडळींच्या इंग्रजी नावातून ते स्पेलिंग आले असे मानतात. मालवणच्या किनाऱ्यावर हा शब्द समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्याकडे रापण ओढतात तेव्हा जाळे अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून खेचतात. जे येईल ते येईल. लाखो मोबाईलवर एकच खोटा संदेश सोडणे ही रापण. शंभरातल्या नव्याण्णव जणांनी तो पुसून टाकला तरी टाकणाऱ्याचे काही जात नाही. दुसरा प्रकार गरीचा. तिथे कोणता मासा कुठे फिरतो आणि त्याला काय लावले तर तो तोंड उघडतो, हे गरवणाऱ्याला ठाऊक असावे लागते. तुमचे नाव, बँक, मुलाचे कॉलेज एवढे आधी मिळवून मग जो फोन येतो, ती गरी. रापणीतून माणूस निसटतो, गरीतून निसटणे अवघड.

हा धंदा आजचा नाही. १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेत 'अमेरिका ऑनलाईन' नावाच्या कंपनीच्या ग्राहकांना संदेश येऊ लागले : आम्ही कंपनीचे कर्मचारी आहोत, तुमच्या खात्याची पडताळणी करायची आहे, पासवर्ड कळवा. लोकांनी कळवले. फिशिंग हा शब्द तिथलाच. आपल्या देशात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडे इंटरनेटचे दार उघडत होते त्या सुमारास तिकडे त्या दाराची खोटी किल्ली तयार झालेली होती. आम्ही तेव्हा शाळेत होतो, आणि गावात एसटीडी बूथ आला ही मोठी गोष्ट होती. पुढे २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर नॅसकॉम या संस्थेच्या नावाने खोटे ई-मेल पाठवून लोकांची माहिती गोळा केल्याचे प्रकरण आले, आणि फिशिंग म्हणजे काय हे आपल्या न्यायालयाने त्यात प्रथम स्पष्ट केले. त्यासाठी वेगळा कायदा तोवर नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन २००९ पासून कलम ६६-सी आणि ६६-डी आले. दुसऱ्याची ओळख चोरणे किंवा संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

असो. इतिहास एवढा पुरे.

मित्रहो, फसलेल्या माणसाबद्दल समाजात एक मत ठरून गेले आहे. तो लोभी असला पाहिजे, नाहीतर अडाणी. लॉटरी लागली, परदेशातून पेटी आली, दामदुप्पट मिळेल, अशा निरोपांनी फसणारे लोभाने फसतात हे खरे. पण आमच्या खिडकीवर येणाऱ्यांत असे थोडे. बहुतेक जण फसतात ते भीतीने आणि आज्ञाधारकपणाने. साहेबांनी सांगितले म्हणून केले, हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते तोंडातून येण्याआधीच ओळखू येते.

एक उदाहरण सांगतो. महावितरणच्या नावाने २०२२ साली महाराष्ट्रभर संदेश फिरू लागले. मजकूर थोड्याफार फरकाने एकच : मागील महिन्याचे बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, ताबडतोब अमुक क्रमांकावर अधिकाऱ्याशी संपर्क साधा. एक काकी आमच्याकडे आल्या होत्या. मुलगा मुंबईस, घरी त्या आणि अंथरुणाला खिळलेले यजमान. बिल भरलेले होते. पावती डब्यात होती. तरी त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी सभ्यपणे बोलला. बिल भरले आहे पण यंत्रात दिसत नाही, दहा रुपये भरून नोंद ताजी करावी लागेल, त्यासाठी मोबाईलमध्ये एक ॲप घ्या, मी सांगतो तसे करा. त्यांनी तसे केले. "सायबान सांगल्यान, आज राती लायट तोडतले. मी भियालंय," एवढेच त्या म्हणाल्या. दहा रुपये भरण्यासाठी त्यांनी जे जे दाबले ते ते पलीकडच्याला दिसत होते, कारण ते ॲप आपल्या मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे होते. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. पण तो इशारा काकींच्या घरापर्यंत कोण पोचवणार?

यात लोभ कुठे आहे? आणि अडाणीपण तरी किती? महावितरणचे खरे संदेश कोणाच्या खासगी मोबाईल क्रमांकावरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी 'एमएसईडीसीएल' ही अक्षरे असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते इतकेच. याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज दुपारी संदेश आणि आज रात्री अंधार, असे कायद्यात नाही. ज्याला आपला हक्क ठाऊक असतो त्याच्यावर साहेबाचा आवाज चालत नाही. आम्हाला वाटते, मोबाईलच्या ज्ञानापेक्षा हे ज्ञान आधी पोचायला हवे.

आपल्या माणसांच्या बाबतीत या भीतीला जुनी मुळे आहेत. तलाठी कार्यालय, तहसील, जातीच्या दाखल्याची पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन कार्ड. पिढ्यान् पिढ्या आपण कोणत्या ना कोणत्या खिडकीसमोर उभे राहिलो. खिडकीतल्या माणसाने 'एक कागद कमी आहे' म्हटले की आपण उलट विचारत नाही, मुकाट्याने कागद आणायला निघतो. काम अडेल ही धास्ती. फिशिंग करणारा नेमका हाच धागा ओढतो. केवायसी अपुरी आहे, खाते बंद होईल. शिष्यवृत्ती मंजूर आहे, खाते जोडलेले नाही. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेत २०२५ साली ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हाही खऱ्या संकेतस्थळासारखी दिसणारी खोटी स्थळे निघाली आणि त्याविषयी बायकांना सावध करावे लागले. पंधराशे रुपये बंद होतील या भीतीपुढे संकेतस्थळाचे स्पेलिंग कोण तपासते?

आता जुन्या दिवसांतली एक गोष्ट आठवून पाहा. कोकणातली कितीतरी घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. ती मनीऑर्डर घेऊन पोस्टमन पडवीत येई. तो ओळखीचा, त्याचा बाप ओळखीचा. आजीला सही येत नसे, ती अंगठा उठवी. आणि नुसत्या अंगठ्यावर भागत नसे, शेजारचा कोणी साक्षीदार म्हणून सही करी. तेवढ्या वेळात किती रुपये आले, कोणी पाठवले, कुपनावर काय लिहिले आहे, हे चार माणसांना कळे. कधी नको इतके कळे, तो भाग निराळा. पण त्या व्यवहाराला साक्षीदार होता. बँकेतही अंगठेबहाद्दर ग्राहकाला पैसे देताना साक्षीदार लागतो. आता व्यवहार तळहातावर आला आणि साक्षीदार गेला. फसवणाऱ्याला हेच हवे असते. त्याचे पहिले काम घाई करणे, दुसरे काम तुम्हाला एकटे पाडणे. फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका, दार लावून घ्या, ही वाक्ये तो उगाच म्हणत नाही.

या युक्तीचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे 'डिजिटल अटक'. पोलीस, सीबीआय, कस्टम अशा नावाने व्हिडिओ कॉल येतो. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, अंगावर गणवेश. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसे असे दिवसेंदिवस स्वतःच्या घरात कैद होऊन बसली आणि जन्माची कमाई पाठवून मोकळी झाली. २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनी सांगितले की अशी अटक कायद्यात नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तपास सीबीआयकडे दिला. तेव्हा यात फसणारा अडाणी असतो हे म्हणणे सोडून द्यावे. अशा वेळी शेजारच्या खोलीतून कोणी एवढेच विचारले असते, "कोणाशी बोलतोस रे इतका वेळ?" तर पुष्कळ ठिकाणी खेळ तिथेच मोडला असता.

आता थोडे ओळखण्याविषयी. येथे बसलेली तरुण मुले यातले बरेच जाणतात, तरी घरच्यांना समजावून सांगण्यापुरते.

संदेशात निळ्या अक्षरांत जो दुवा येतो त्याला लिंक म्हणतात. ती वाचायची रीत पाकिटावरच्या पत्त्यासारखी. पाकिटावर आधी नाव, मग वाडी, मग गाव, आणि शेवटी तालुका जिल्हा. पत्र कुठे जाणार हे शेवटचे शब्द ठरवतात. लिंकमध्येही पहिली एकेरी तिरपी रेघ येईपर्यंतचा जो भाग, त्याचे शेवटचे शब्द पाहायचे. सुरुवातीला आपल्या बँकेचे नाव कोणीही लिहू शकतो. दुसऱ्याच्या घरावर 'बँक' अशी पाटी लावली म्हणून आत तिजोरी असते असे नाही. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की बँकांनी आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेपटावर न्यावीत, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे शेपूट नोंदणीकृत बँकेलाच मिळते. पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दिसते त्यावर मात्र विसंबू नये. कुलपाचा अर्थ पाकीट वाटेत कोणी फोडणार नाही एवढाच. ते ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे असा नव्हे.

बँकेचे सेवेसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असेही ठरले आहे. साध्या दहा आकडी मोबाईलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला, "मी उद्या शाखेत येतो," एवढे उत्तर पुरे. खरा असेल तर तो नाराज होणार नाही.

पूर्वी आम्ही सांगत असू, ओटीपी कोणाला देऊ नका. आता तेवढ्याने भागत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचा दंड म्हणून, कधी बँकेचे ॲप म्हणून एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरे असतात. ती उघडून परवानगी दिली की आपल्या मोबाईलवर येणारे संदेश परस्पर चोराकडे जातात. तुम्ही ओटीपी सांगितलाच नाही, तरी तो गेला. लग्नपत्रिका छायाचित्रात येते किंवा पीडीएफमध्ये. तिला एपीके लागत नाही.

आपल्या तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याच्या बाजूला घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्यांसाठी एक वेगळे आमिष आहे. फोन येतो, मी लष्करातला अधिकारी, कुटुंबासह सुट्टीवर येतोय, दोन खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो. ओळखपत्राचा फोटो येतो. मग म्हणतो, आमच्या लष्करी खात्यातून पैसे येण्याची रीत वेगळी आहे, मी पाठवतो तो क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. सैनिकाविषयी आपल्याकडे आदर आहे. घराघरांत कोणी ना कोणी सैन्यात असतो. तोच आदर गरीला लावलेला असतो. येथे एकच गोष्ट सांगून ठेवतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. मे महिन्यात गर्दीच्या तोंडावर हे फोन आले तर घाईत असलेल्या माणसाच्या हातून बोट पडून जाते, म्हणून ही गोष्ट क्यूआरच्या पाटीशेजारीच लिहून ठेवावी.

आता बँकांविषयीही बोलले पाहिजे, नाहीतर आम्ही आमच्याच धंद्याची बाजू घेतली असे होईल. पुण्याचे एक प्रकरण सार्वजनिक नोंदीत आहे. २०११ साली तेथील एका उद्योगाच्या प्रमुखांनी फिशिंगच्या ई-मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील त्यांच्या खात्यातून ८०.१० लाख रुपये दुसऱ्या खात्यांत गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अशा दाव्यांचा निवाडा राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव करतात. तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी २०१३ मध्ये बँकेने तक्रारदाराला ४५ लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. ई-मेलला उत्तर दिले म्हणून काही भार तक्रारदारावर ठेवला; पण चोरीचा पैसा ज्या खात्यांत गेला ती खाती पुरेशी तपासणी न करता उघडली गेली, हा बँकेचा हलगर्जीपणा धरला.

या निकालातले आम्हाला महत्त्वाचे वाटते ते रकमेपेक्षा दुसरेच. चोराला संगणक लागतो, फोन लागतो, पण या सर्वांहून जास्त त्याला लागते ती बँकेतली खाती. स्वतःच्या नावावर नाहीत, दुसऱ्या कोणाच्या तरी. ती खाती नसतील तर फसवलेला पैसा उतरणार कुठे? गोण जेटीवर उतरवायला होडी लागते तशी ही खाती. चोरीचा पैसा पाच-दहा मिनिटांत एका खात्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दहाव्यात जातो आणि कुठल्या तरी एटीएममधून निघतो.

आणि येथे हा विषय आपल्या मुलांपर्यंत येतो. कॉलेजात जाणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या मुलाला कोणी मित्राचा मित्र भेटतो. म्हणतो, तुझे खाते नुसते पडून आहे, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला काही हजार देतो. काहीच करायचे नाही. शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते असते. आईला कळतही नाही. मग एक दिवस खाते गोठते आणि दूरच्या कुठल्या तरी राज्यातून पोलिसांची नोटीस येते. ज्याने खाते घेतले तो सापडत नाही. कागदावर नाव या मुलाचे. 'मला ठाऊक नव्हते' हे सिद्ध करण्यात वर्षे जातात, आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती नोंद पुढे येऊन उभी राहते. दोन पिढ्यांनी कष्ट करून ज्याला शिकवला त्याची वाट चार-पाच हजारांत अडते. रिझर्व्ह बँकेने अशी खाती हुडकण्यासाठी यंत्रणा आणली आहे आणि बँका ती वापरू लागल्या आहेत. तेव्हा ही गोष्ट लपून राहील अशा भ्रमात कोणी राहू नये.

झारखंडमधील जामतारा हे नाव आपण ऐकले असेल. त्या जिल्ह्यातल्या करमाटाड गावच्या परिसरातून देशभर असे फोन गेले. ज्यांनी विधवाविवाहासाठी आयुष्य वेचले ते ईश्वरचंद्र विद्यासागर उतारवयात याच करमाटाडला राहिले, तेथे त्यांनी मुलींची शाळा आणि प्रौढांसाठी रात्रशाळा चालवली. स्टेशनला आज त्यांचे नाव आहे. त्या स्टेशनावर राज्याराज्यांचे पोलीस चोर शोधायला उतरतात, हे मनाला लागते. काम नसलेल्या, थोडे शिकलेल्या मुलांचा तो प्रदेश. आपल्या जिल्ह्यालाही काम नसलेली मुले नवीन नाहीत, म्हणून जामताऱ्याला हसू नये.

परदेशी नोकरीच्या नावाने तर याहून वाईट चालते. थायलंडमध्ये संगणकावरचे काम, चांगला पगार, असे सांगून मुलांना नेतात आणि म्यानमारच्या सीमेवरच्या बंदिस्त आवारात कोंडून त्यांच्याकडून लोकांना फसवण्याचे काम करवून घेतात. नकार दिला तर मार. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुसेनेच्या विमानांनी अशा सुमारे ५५० जणांना मायदेशी आणले. आपल्याकडची मुले जहाजावर, आखातात जातात. अशी जाहिरात आली तर एजंटची नोंदणी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावी.

शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला सर्वांत जवळचा. पैसे गेल्यावर काय करायचे?

१९३० हा क्रमांक फिरवायचा. ताबडतोब. ही केंद्र सरकारची यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिला बँका जोडलेल्या आहेत. तक्रार नोंदली की पैसा ज्या खात्यात पोचला असेल तिथे तो अडवून ठेवता येतो. पण पैसा पुढे पळत असतो, म्हणून पहिला तास सोन्याचा. मग आपल्या बँकेला कळवून कार्ड व खाते बंद करून घ्यायचे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जायचे. संदेश, क्रमांक काहीही पुसायचे नाही.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर नुकसान बँकेचे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित भार. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर ठेवले. म्हणून तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही.

एवढे सारे असूनही माणसे तिसऱ्या, चौथ्या दिवशी येतात. का? लाज. मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, वाडीत हसे होईल. त्या काकी पाच दिवसांनी आल्या होत्या. पाच दिवस त्यांनी डब्यातली पावती पुन्हा पुन्हा काढून पाहिली, पण कोणाला सांगितले नाही. सोबत आलेला पुतण्या खिडकीवरच त्यांच्यावर ओरडत होता, "तुका कोणी सांगलेला मोबाईल हातात घेवक?" आम्ही त्याला बाजूला बसवले. तो ओरडेल हे काकींना पहिल्या दिवशीच ठाऊक होते, म्हणूनच तर पाच दिवस गेले. म्हातारी माणसे पैशापेक्षा या ओरडण्याला भितात, आणि चोराला त्याचा आयता फायदा होतो.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी बोलून आम्ही बँकेतले तिघे-चौघे आज कार्यक्रमानंतर येथेच मागच्या बाजूला टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांना एखादा संदेश दाखवायचा आहे, मोबाईलमध्ये नको ते ॲप आहे का पाहायचे आहे, जुनी तक्रार लिहून हवी आहे, त्यांनी यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन यावे. पासबुकाच्या पहिल्या पानावर १९३० लिहून देण्यासाठी पेन आम्ही आणले आहेत. येताना पासबुक आणि मोबाईल आणावा. पिन मात्र आम्ही विचारला तरी आम्हाला सांगू नये.

जयभीम.